पाते, दांडा आणि पाठ

बागकामाच्या अवजारांचा इतिहास सांगणारी इंग्रजी पुस्तके साधारणपणे एकाच वाटेने जातात. आरंभी माती उकरायची टोकदार काठी येते. मग दगडाचे पाते, मग तांबे, मग लोखंड. पुढे रोमन माळ्याची वाकडी सुरी, युरोपातल्या मठांच्या बागांतली फावडी, फ्रान्समधली छाटणीची कात्री, इंग्लंडमधले गवत कापायचे यंत्र असे टप्पे घेत कथा विजेवर चालणाऱ्या अवजारांपाशी येऊन थांबते. या पुस्तकांतली चित्रे देखणी असतात आणि तपशीलही बहुधा बिनचूक असतात. खटकते ते एवढेच, की चित्रांतले अवजार एकटे असते. पांढऱ्या कागदावर ते आडवे ठेवलेले दिसते. ते धरणारा माणूस उभा होता, कमरेत वाकला होता की उकिडवा बसला होता, हे त्यावरून कळत नाही.

अवजाराचे दोन भाग असतात. एक जमिनीला किंवा झाडाला लागतो, दुसरा हाताला. पहिल्याचा इतिहास भरपूर लिहिला गेला, दुसऱ्याचा जवळजवळ नाही. पण दांडा किती लांब असावा हे ज्या क्षणी ठरते, त्याच क्षणी कोणाची पाठ किती वाकणार हेही ठरते. म्हणून अवजारांच्या विकासाची कथा दांड्याच्या बाजूने वाचली तर ती वेगळी दिसते, आणि 'विकास' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. या लेखात मी तसे वाचन करून पाहणार आहे.

एक खुलासा आधीच करतो. इंग्रजीत बाग आणि शेत यांच्यामध्ये जशी भिंत आहे तशी मराठीत नाही. आपला 'मळा' दोन्हींच्या मधोमध बसतो. विहिरीच्या पाण्यावर कांदा, मुळा, मेथी, मिरची, फुले पिकवणारी ही जमीन शोभेची बाग नव्हे आणि कोरडवाहू रानही नव्हे. म्हणून बागेच्या अवजारांविषयी मराठीत बोलताना मळ्याची अवजारे वगळून चालणार नाही.

जमिनीखाली काय उरते

पात्याला झुकते माप मिळाले त्याचे एक कारण अगदी साधे आहे. लाकूड कुजते, लोखंड त्या मानाने टिकते. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली आहे. विदर्भातल्या शिळावर्तुळांच्या संस्कृतीतून लोखंडी वस्तूंचा मोठा साठा हाती आला. पण त्यांना बसवलेले दांडे आणि मुठी आपल्यापर्यंत पोचल्या नाहीत. कुऱ्हाडीचे पाते सापडते, तिचा दांडा किती हात लांब होता ते अंदाजाने ठरवावे लागते. पुरातत्त्वाने पात्यांचे वर्गीकरण केले यात त्याचा दोष नाही, समोर तेवढेच होते. दोष पुढच्यांचा आहे. ज्यांच्यासमोर दांडेही होते आणि दांडे धरणारी माणसेही, त्यांनीसुद्धा पात्यांचेच वर्गीकरण पुढे चालवले.

दुसरे कारण संग्रहाच्या स्वभावात आहे. जे झिजून संपते ते संग्रहालयात जात नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा लौकिक दिव्यांसाठी आणि अडकित्त्यांसाठी आहे. सुपारी कातरून अडकित्ता झिजतो तरी किती? खुरप्याचे तसे नाही. दर हंगामात ते पाजवले जाते, लोहाराच्या भट्टीत पुन्हा तापून त्याला पाणी दिले जाते, पाते वीतभराचे चार बोटांवर येते आणि शेवटी उरलेले लोखंड दुसऱ्याच वस्तूत जाते. गावगाड्याच्या व्यवस्थेत हे काम बलुत्यावर चाले. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त सुतार-लोहारांसकट या साऱ्या देवघेवीची जी मांडणी केली, ती वाचताना लक्षात येते की तिथे अवजार ही विकत घेऊन ठेवायची वस्तू नव्हतीच. ते सतत दुरुस्त होत राहणारे एक नाते होते. अशा वस्तूला जुना नमुना नसतो. तिचा पुरावा भाषेत शोधावा लागतो.

क्रियापदे आणि मुठी

पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात द्राक्षवेल छाटण्याच्या सुरीचे वर्णन केले आहे. त्या एका सुरीच्या सहा भागांना तो सहा नावे देतो आणि कोणत्या भागाने ओढून कापायचे, कोणत्या भागाने तासायचे, कोणत्याने घाव घालायचा हे सांगतो. हाताने काम करणाऱ्यांची भाषा मालकाच्या ग्रंथात शिरल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

मराठीने हेच दुसऱ्या मार्गाने केले. तिने अवजारांची क्रियापदे केली. खुरप्यावरून खुरपणे, कोळप्यावरून कोळपणे, वखरावरून वखरणे, नांगरावरून नांगरणे, कुदळीवरून कुदळणे. ज्या अवजाराचे क्रियापद झाले ते भाषेच्या हाडामांसात गेले असे समजायला हरकत नाही. झारीचे क्रियापद झाले नाही. नाशिकच्या द्राक्षबागांत छाटणीच्या कात्रीला 'सिकेटर' म्हणतात. शब्द रुळला आहे, पण काम मात्र 'छाटणे'च राहिले. बहिणाबाई चौधरींच्या कवितांची शीर्षके आठवून पाहा : 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी'. वस्तूपेक्षा कामाचे नाव आधी सुचते, कारण सांगणारी बाई स्वतः काम करणारी आहे.

भाषेतली आणखी एक विभागणी मला महत्त्वाची वाटते. मराठीत कुदळीला, फावड्याला, टिकावाला, कुऱ्हाडीला दांडा असतो. खुरप्याला आणि विळ्याला दांडा नसतो, मूठ असते. दांड्याची अवजारे उभ्याने किंवा अर्धवट वाकून चालवायची, मुठीची बसून किंवा पूर्ण वाकून. आता मळ्यात कोण काय धरते ते पाहावे. पाण्याचे दारे मोडायला फावडे घेऊन पुरुष उभा असतो. वाफ्यात खुरपे घेऊन बायका ओळीने बसलेल्या असतात. काही ठिकाणी अदलाबदल होते, हे खरे. पण 'खुरपायला बाया लावल्या' हे वाक्य मराठीत जितक्या सहज येते तितक्या सहज 'खुरपायला गडी लावले' येत नाही. आणि खुरपणीची मजुरी फावड्याच्या मजुरीपेक्षा कमी असते, हे कोणत्याही बागाईत गावात विचारून पाहता येते. दांड्यात आणि मुठीत केवळ लाकडाच्या लांबीचा फरक नाही.

ऊसतोडीच्या धंद्यात तर याहून पुढची पायरी आहे. तिथे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि एकट्या मजुराला 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यावर दिली जाते. अवजाराच्या नावाने माणूस मोजला जातो.

सरदाराची कात्री, गृहस्थाचे यंत्र

ज्या अवजारांना इतिहासात मानाचे पान मिळाले ती कोणाच्या हातांसाठी घडली?

छाटणीच्या कात्रीचे श्रेय बर्त्रां द मोलव्हिल या फ्रेंच सरदाराला दिले जाते. तो सोळाव्या लुईचा नौदलमंत्री होता. क्रांतीत परागंदा झाला आणि परतल्यावर, १८१५ च्या सुमारास, ही कात्री पुढे आली. वेली छाटणाऱ्या कामकऱ्यांनी ती लगेच स्वीकारली नाही. कात्री फांदी चेंगरते, सुरीचा काप स्वच्छ असतो, असा त्यांचा आक्षेप होता, आणि त्यात तथ्यही होते. पण सुरी चालवायला वर्षांचा सराव लागतो, कात्रीला तेवढा लागत नाही. कुशल हातावरचे अवलंबन कमी करणे हा या शोधाचा एक परिणाम होता. तो आजही दिसतो. दिवाळीच्या आगेमागे नाशिक भागात गोडी बहाराची छाटणी चालते, तेव्हा पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या बागांतून काम करत असतात. कुठला डोळा ठेवायचा आणि कुठे कापायचे हे ठरवण्याचे कसब त्यांच्याकडेच असते. मजुरी मात्र कात्रीच्या वेगावर ठरते.

गवत कापायच्या यंत्राची कथा आणखी बोलकी आहे. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. कल्पना त्याला कापडगिरणीतून सुचली. लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र त्याने हिरवळीवर आणले. त्याआधी मोठ्या घरांची हिरवळ लांब दांड्याच्या कोयत्यांनी कापली जाई. दव असताना गवत चांगले कापले जाते म्हणून माणसे पहाटेच कामाला लागत. बडिंगने आपल्या यंत्राची शिफारस करताना म्हटले, की खेड्यात राहणाऱ्या सद्‌गृहस्थांना ते स्वतः चालवण्यात करमणूक होईल आणि आरोग्यालाही हितकारक व्यायाम घडेल. त्याच हिरवळीवर तेच गवत कापायचे. पण माळ्याने कापले तर ते काम आणि मालकाने कापले तर व्यायाम. अवजाराचा दांडा मालकाच्या छातीच्या उंचीला आणला गेला तो या दुसऱ्या शब्दासाठी.

जेन लाउडन या लेखिकेने १८४० मध्ये स्त्रियांसाठी बागकामाचे पुस्तक लिहिले. त्यात तिने हलके, लहान फावडे आणि नाजूक हातात मावेल असा गुळगुळीत दांडा सुचवला. हाताचे माप घेऊन अवजार घडवावे, ही कल्पना इथे स्पष्टपणे मांडली गेली याचे मोल मोठे आहे. पण तो हात मध्यमवर्गीय, हौशी बाईचा होता. त्याच इंग्लंडमधल्या शेतांवर तण काढणाऱ्या मजूर बायकांच्या हाताचे माप घ्यायला कोणी गेले नाही.

मराठी साहित्यातली अवजारे

आपल्याकडे या विषयाचा पहिला मोठा कवी म्हणजे अरणचे सावता माळी. समाधी १२९५ ची. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात भाजीपाल्यात विठाई दिसते आणि मोट, नाडा, विहीर, दोरी यांत पंढरी. या अभंगाबद्दल दोन गोष्टी मला नोंदवाव्याशा वाटतात. पहिली पाठाची. त्यात मिरचीचा उल्लेख येतो. मिरची हे अमेरिकेतले पीक, ते पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आले. म्हणजे एक तर मूळ शब्द मिऱ्याशी संबंधित असावा किंवा गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातले नवे पीक अभंगात लावले असावे. दुसरी शक्यता मला अधिक हृद्य वाटते. पीक बदलले तसा अभंग बदलला असेल. अवजारांच्या चरणाला मात्र हात लावायची वेळ पुढची शतकानुशतके आली नाही, कारण मोट आणि नाडा तसेच राहिले. विजेचे पंप येईपर्यंत तो चरण मळ्यातल्या रोजच्या दृश्याचे वर्णन होता.

दुसरी गोष्ट : त्या अभंगात खुरपे नाही. आहेत ती सारी पाण्याची साधने. खुरपे येते ते आख्यायिकेत. लपायला जागा मागणाऱ्या पांडुरंगाला सावतोबांनी खुरप्याने छाती चिरून आत घेतले, असे कीर्तनातून सांगतात. कथा रचणाऱ्या लोकमनाला ठाऊक होते की माळ्याच्या हाताला सर्वांत जवळचे, मागायला जावे न लागणारे पाते हेच. अभंगातल्या मोटेपेक्षा आख्यायिकेतले खुरपे माळ्याच्या देहाच्या अधिक जवळ आहे.

आधुनिक मराठीत मोट, नांगर, तिफण यांना भरपूर जागा मिळाली. विठ्ठल वाघांची तिफणीची कविता घरोघर पोचली. आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत ट्रॅक्टर येतो आणि नारबाचे जनावरांनी भरलेले जग मोडते. अवजारबदलाची एवढी तीव्र जाणीव देणारी दुसरी मराठी कादंबरी मला सांगता येणार नाही. पण या परंपरेकडे एकत्र पाहिले की तिची एक मर्यादा दिसते. ती निरोपाची परंपरा आहे. मोट गेली, बैल गेले, म्हणून त्यांच्याविषयी लिहिले गेले. खुरपे गेलेच नाही, म्हणून त्याला निरोपाची कविता लाभली नाही. ट्रॅक्टरने नांगर नेला, पंपाने मोट नेली, आणि या दोन्ही बदलांत पुरुषांचे कष्ट हलके झाले. पंपामुळे बागाईत वाढले, बागाईत वाढले म्हणून तण वाढले, आणि तण वाढले म्हणून बायकांचे खुरपणीचे दिवस वाढले. यंत्र आल्याने हाताचे काम कमी होते हे गृहीत धरणाऱ्या आपल्या समीक्षेने हा हिशेब मांडायला हवा होता.

आखूड दांड्याचा खटला

दांड्याच्या लांबीवर एकदा न्यायालयात निवाडा झाला आहे. कॅलिफोर्नियाच्या भाजीपाल्याच्या शेतांत मेक्सिकन मजुरांना अगदी आखूड दांड्याची कुदळी दिली जाई. सॅलडची रोपे विरळ करण्यासाठी ती वापरत. मजूर तिला स्पॅनिशमध्ये 'एल कोर्तितो', म्हणजे 'आखूडशी', म्हणत. दिवसभर कमरेत दुमडून चालावे लागे. मळेवाल्यांचे म्हणणे, लांब दांड्याने काम नेमके होत नाही. आणखी एक सोय होती : आखूड दांड्याचे काम चालू असताना जो सरळ उभा दिसेल तो थांबला आहे, हे मुकादमाला दुरूनच कळे. डॉक्टरांनी मणक्याच्या कायमच्या इजेबद्दल साक्षी दिल्या. राज्याच्या सुरक्षा विभागाची भूमिका अशी, की 'असुरक्षित अवजार' म्हणजे मोडकेतोडके अवजार. ही कुदळी तर धडधाकट आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्याख्या फेटाळली. अवजार जसे वापरायला दिले आहे तसे वापरल्याने इजा होत असेल तर ते असुरक्षितच, असे त्याने मानले आणि त्याच वर्षी आखूड दांडा बंद झाला. लांब दांडा आल्याने सॅलडचे पीक बुडाले नाही.

समीक्षेच्या दृष्टीने मला या निकालातली व्याख्या मोलाची वाटते. तिने अवजाराची कसोटी पात्यावरून पाठीवर नेली. नंतरची गोष्टही सांगायला हवी. काही ठिकाणी कुदळीऐवजी नुसत्या हाताने, पुन्हा वाकूनच, तण काढून घेतले जाऊ लागले, आणि २००४ मध्ये त्यावरही नियम करावे लागले. दांडा काढूनच टाकला की दांड्याच्या लांबीचा कायदा लागू होत नाही.

खुरप्याची बाजू

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. खुरपे आखूड आहे ते कोणी दुष्टपणे आखूड केले म्हणून नव्हे. कांद्याच्या किंवा कोथिंबिरीच्या दाट वाफ्यात रोप आणि तण यांत बोटभर अंतर नसते. डोळा जवळ लागतो, दुसरा हात तण उपटायला मोकळा लागतो. शिवाय उकिडवे बसणे आणि कमरेत दुमडून चालणे यांचा शरीरावरचा ताण सारखा नाही. हे सारे मान्य. पण मग अशा दाट वाफ्यासाठी बसायची काही सोय, गुडघ्याला आधार, मुठीचा वेगळा आकार, यांवर शतकभरात किती डोके चालवले गेले? सरदाराच्या कात्रीला स्प्रिंग आली, खुरप्याची मूठ तशीच गोल राहिली.

आणि जिथे डोके चालले तिथे काय झाले तेही दिसते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा उतरवायला 'नूतन झेला' दिला. लांब काठीला पाते आणि जाळी, फळ देठासकट निघते, चीक सालीवर ओघळत नाही आणि आंबा डागाळत नाही. उत्तम अवजार. त्याच्यामागची प्रेरणा फळाच्या किमतीची होती आणि झाडावर कमी चढावे लागते हा त्यातला लाभ. त्याच विद्यापीठाचा दातेरी 'वैभव विळा' भात जमिनीलगत कापतो. विळा सुधारला, मूठ आणि वाकणे तसेच राहिले. दुसरीकडे जुन्या सायकलचे चाक लावून गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बनणारे 'सायकल कोळपे' पाहावे. त्याला पेटंट नाही, शोधकाचे नाव नाही. एक माणूस उभ्याने ढकलत दोन ओळींमधले तण काढतो. मजूर मिळेनासे झाले, मजुरी वाढली, तेव्हा दांडा लांब झाला. त्याबरोबर अवजार बाईच्या हातातून पुरुषाच्या हातात गेले, हेही बऱ्याच गावांत पाहायला मिळते.

तिसरी वाट तणनाशकाची. तिथे खुरप्याची जागा पाठीवरच्या पंपाने घेतली. हा पंपही द्राक्षबागांतूनच आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये वेलींवरच्या केवड्यासाठी बोर्डो मिश्रण निघाले आणि ते फवारायला पाठीवर घ्यायचे पंप बनले. पाठ वाकत नाही, पण आता ओझे पाठीवरच आहे आणि विष श्वासात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा औषधाच्या बाटलीची झाली. पंपाची गळती, नळीची लांबी, फवारा चेहऱ्यापासून किती दूर पडतो, याची फारच थोडी.

म्हणून अवजारांचा इतिहास लिहिणाऱ्यांपुढे, आणि गावोगावी आता उभ्या राहत असलेल्या कृषी-संग्रहालयांपुढेही, माझी एक सूचना आहे. नोंदवहीत वस्तूचे नाव, धातू, काळ आणि गाव असे रकाने असतात. त्यांत आणखी चार घालावेत : दांड्याची किंवा मुठीची लांबी, काम उभ्याने की बसून, ते मुख्यतः बाई करी की पुरुष, आणि त्या कामाची मजुरी शेजारच्या कामाच्या तुलनेत किती. ही माहिती सांगू शकणारी माणसे अजून मळ्यात आहेत. एखादे झिजलेले खुरपे मिळाले तर ते पुसूनपासून काचेत ठेवण्याआधी, ते ज्या बाईचे होते तिला ती दिवसाला किती वाफे खुरपायची आणि संध्याकाळी सरळ उभे राहायला किती वेळ लागायचा, हे विचारून लिहून घ्यावे.